यादीतली पाचवी ट्यूबलाइट

सकाळचे साडेनऊ. परभणी, वसमत रोडच्या आतल्या बाजूची चार मजली इमारत. दुसरा मजला, सॅम्पल फ्लॅट. हजर: सहा माणसं, एक यादी, दोन कार्बन पेपर.

एवढं लिहून मी मान वर केली, तर बिल्डरचे मॅनेजर कुलथे माझ्या खांद्यावरून वाचत उभे.

"हे काय बातमीसारखं लिहायलात?"

"तीस वर्षं असंच लिहितोय. पसंत नसेल तर दुसरा बघा."

दुसरा मिळणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

किस्से कुणी जमवत नाही हो. आमच्या घरात जुनी वर्तमानपत्रं साठतात तसे ते साठतात. एक दिवस पलंग सरकवावा आणि गठ्ठाच्या गठ्ठा हाताला लागावा! पण चार दिवसांत, एकाच फ्लॅटमध्ये, सामान विकता विकता जेवढे किस्से मला मिळाले, तेवढे दोन निवडणुका फिरूनही मिळाले नव्हते. म्हणून सांगतो.

आधी भानगड समजून घ्या. इमारत उभी राहत असताना बिल्डर एक फ्लॅट नटवून ठेवतो. सोफा, पडदे, चित्रं, वेली. गिऱ्हाइकानं बघावं, भुलावं, आणि वरचा नाहीतर खालचा रिकामा फ्लॅट बुक करावा. आमच्या दिगंबरकाकांनी मात्र तो नटवलेला फ्लॅटच घेतला. काका पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते, आता रिटायर. त्यांचं म्हणणं साधं, "हिला हाच आवडला."

ही म्हणजे अनसूयाकाकी. तीस वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये काढली. तिथल्या खोलीला खिडकी होती, पण ती गोदामाच्या भिंतीवर उघडायची. या फ्लॅटच्या आतल्या बेडरूममध्ये काकीनं पाहिलं, तर पूर्वेच्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत केशरी पडदा, आणि पडद्यामागून असं काही ऊन आलेलं की अख्खी खोली उजळलेली! काकी तिथंच म्हणाली, "हीच खोली. सकाळच्या उन्हात गुडघे शेकीत बसंन."

पैसे भरले, रजिस्ट्री झाली, चावी नाही! आधी म्हणाले, बाकीचे फ्लॅट विकू द्या, मग देतो. बाकीचे विकले गेले, तर बिल्डरसाहेबच मोठ्या शहरात निघून गेले. मी तीन बातम्या लावल्या. त्यांनी मला नोटीस पाठवली. मी नोटीसही छापली! शेवटी स्टॅम्प पेपरवर तडजोड झाली: फ्लॅटमधलं सामान तिथल्या तिथं विकायचं, प्रत्येक नगाचा फोटो काढायचा, घेणाऱ्याची सही घ्यायची. बिल्डरच्या सामानाच्या यादीशी सगळं जुळलं की त्याच दिवशी चावी काकांच्या हातात. एक नग जरी कमी निघाला, तर चावी नाही.

विक्रीची यादी लिहायची कुणी? कुलथ्यांचा काकांवर विश्वास नाही, काकांचा कुलथ्यांवर नाही. कुलथे या इमारतीवर दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, पण मला ओळखून होते. ते म्हणाले, "यांनाच लिहू द्या. हा माणूस आमच्याबद्दल वाईट लिहितो, पण वाचता येईल असं लिहितो."

तीस वर्षांत एवढं कौतुक माझं संपादकांनीही केलेलं नाही.

*

पहिला वाद पहिल्याच नगावर. बिल्डरच्या यादीत होतं, "टीव्ही, ५५ इंची, एक."

माझा नियम मी आधीच सांगितला होता. वस्तू जागेवरून हलवायची, पुढून बघायची, मागून बघायची, मगच नोंद. बातमी असो की कपाट, मागची बाजू पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. त्याप्रमाणे टीव्ही भिंतीवरून उतरवला, तर तो माझ्या एका बोटावर आला! आत काही नव्हतंच. काळा चकचकीत पुठ्ठा.

मी लिहिलं, "टीव्हीसारखा दिसणारा पुठ्ठा, एक."

कुलथे खवळले. "यादीत टीव्ही हाय, टीव्हीच लिहा!"

"लावून दाखवा, लिहितो."

"अहो, डेकोरेशनचा टीव्ही असाच असतोय!"

"मग डेकोरेशनचा पुठ्ठा लिहितो."

हा वाद अर्धा तास चालला. तेवढ्यात खालच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"चालू होतच न्हाई का?"

"न्हाई बाई," मी म्हणालो. "कधीच होणार नाही."

"वायर?"

"नाही."

"द्या मग. पोरगं दहावीला हाय. असाच टीव्ही पायजे होता!"

*

फोटो काढायला मी आमच्या पेपरचा फोटोग्राफर सुधाकर नेला होता. सुधाकरनं आयुष्यभर उद्घाटनं आणि सत्कारच काढलेले. माणसाशिवाय फोटो असतो, हे त्याच्या गावीच नाही.

सोफ्याचा फोटो काढ म्हटलं, तर यानं काकांना आणि काकीला सोफ्यामागं उभं केलं. कुलथ्यांना शेजारी. वॉचमन मन्सूरभाईंना कडेला. "साहेब, हात सोफ्यावर ठेवा. हां. इकडं बघा!"

"अरे, सोफा कुठाय यात?"

"हाय की साहेब, तुमच्या गुडघ्याखाली."

टेबल लॅम्पच्या फोटोत त्यानं लॅम्प कुलथ्यांच्या हातात दिला आणि तो काकांना देतानाचा फोटो काढला. लॅम्प स्वीकारताना काका इतके संकोचले, की त्यांनी वाकून नमस्कारच केला! या माणसाशी दोन महिने भांडलो, हे त्या घटकेला ते साफ विसरले.

चौथ्या दिवशी सगळे फोटो बिल्डरच्या ऑफिसला गेले. तिकडून फोन आला, "सामान किती हाय ते कळलं. पण एवढे सत्कार कशाबद्दल?"

*

डबल बेड बघायला पाथरीहून माणिकराव आले. सहा फुटांवर उंची, डोक्याला पटका, मिशा अशा की बोलताना शब्द गाळून यावेत. लेकीच्या घरी द्यायला पलंग पाहिजे होता.

कुलथ्यांनी गादीवर हात फिरवला. "मामा, असला पलंग अख्ख्या परभणीत न्हाई."

माणिकराव पुढं आले. चपला काढल्या, पटका काढून उशाशी ठेवला आणि सरळ आडवे झाले. डोळे मिटले. आम्ही वाट बघतोय. सुधाकरनं फोटो काढला, कारण शेवटी एकदाचा माणूस आणि वस्तू एकाच फ्रेममध्ये व्यवस्थित आली होती.

पाच मिनिटांनी मिटल्या डोळ्यांनीच आवाज आला, "पाय कुटं हायेत माझे?"

बघितलं, तर दोन्ही पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबकळत! टेप लावला. पलंग साडेपाच फूटही नव्हता. खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मुद्दाम आखूड करून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझं टाळकं सरकलं. "लोकांना खोली दाखवता की फसवता?" कुलथे टेप गुंडाळायला लागले.

माणिकराव मात्र शांतपणे उठले, पटका बांधला.

"घेतो म्या."

"अहो मामा, आखूड आहे!"

"जावाई आखूडच हाय."

*

हॉलमध्ये पुस्तकांचं कपाट होतं. यादीत "पुस्तकांचा संच (बेचाळीस), एक". जाड जाड, सोनेरी कण्यांची. चारठाण्याहून एक रिटायर हेडमास्तर खास त्यांच्यासाठी एसटीनं आले. गुरुजींनी चष्मा पुसला, मोठ्या आदरानं मधलं एक पुस्तक ओढलं, आणि बेचाळीसच्या बेचाळीस पुस्तकं एकदम बाहेर आली!

सगळी मिळून एकच लाकडी खोकं. पुढून कणे, आत पोकळ.

गुरुजींनी त्या पोकळीत हात घालून चाचपून बघितलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले तर मीही बोलणार होतो, पहिल्या पानावर. इतक्या लांबून आलेला म्हातारा माणूस!

"यात," गुरुजी म्हणाले, "शाळेचे जुने दाखले बसतील का हो? कुलूपबंद ठेवले की कुणी तरी किल्ली मागतंच. पुस्तकात ठेवले, तर कुणी हात लावणार न्हाई."

आम्ही मोजून बघितलं. बसत होते. मी यादीत लिहिलं, "पुस्तके शून्य, खोकं एक." गुरुजींनी खाली सही केली आणि माझ्या वाक्यातला स्वल्पविराम दुरुस्त करून गेले.

*

बाल्कनीतल्या वेलीचं गिऱ्हाईक आलं तिसऱ्या दिवशी. हिरवीगार वेल, पानं खऱ्यासारखी, वर पाण्याचे थेंबसुद्धा चिकटवलेले. मुक्ताबाई म्हणून बाई होत्या. त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आणि त्या दिवशी बाजाराला निघाल्या असताना एक शेळी बरोबरच होती. ती त्यांनी खाली पार्किंगमध्ये बांधली.

वेल त्यांना लय आवडली. पोरीच्या लग्नाच्या मांडवाला लावायची म्हणाल्या. भाव ठरला. कुलथ्यांनी स्वतः वेल उचलून खाली नेली, मागोमाग मी यादी घेऊन. मुक्ताबाईंनी ती शेळीच्या तोंडापुढं धरली.

शेळीनं वास घेतला. बाईंकडं पाहिलं. कुलथ्यांकडं पाहिलं. आणि तोंड फिरवून खाली पडलेला माझा कार्बन पेपर खायला लागली!

"न्हाई बाबा," मुक्ताबाई म्हणाल्या. "हिनं नापास केलं. आमच्या घरात हिला इच्यारल्याशिवाय हिरवं येत न्हाई."

कुलथे हात जोडायला लागले. "अहो मावशी, ते खायचं न्हाई, बघायचंय!"

"मग तिनं बगितलं की."

वेल शेवटी एका मोबाईलच्या दुकानदारानं नेली. कार्बन पेपरची भरपाई मला अजून कुणी दिलेली नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

चौथा दिवस, संध्याकाळचे पावणेसात. थंडीचे दिवस, बाहेर अंधार पडलेला. फ्लॅट रिकामा झाला होता. उरले होते फक्त भिंतीवरचे दिवे आणि आतल्या बेडरूमचा केशरी पडदा. तो काकीनं पहिल्याच दिवशी विकत घेतला होता. सही करताना ती मला म्हणाली होती, "भाऊ, तो काढू नका. काढायचा आन पुन्हा लावायचा, कशाला? हाय तिथंच राहू द्या." पडदा वर रॉडला आणि खाली फरशीलगत एका पट्टीला ठोकलेला होता. चार दिवसांत तेवढ्या एका नगाला मी माझा नियम लावला नाही. काकीच्या शब्दाखातर पुढूनच पाहिला आणि नोंदवला, तोही बेडरूमच्या दिव्याच्या उजेडात. तीस वर्षं लोकांना शिकवलेली गोष्ट मी स्वतः चुकलो.

कुलथे यादीवर बोट फिरवत होते. नग जुळत होते. आणि बोट थांबलं.

"ट्यूबलाइट पाच लिहिल्यात. चारच हायेत."

हॉलच्या दोन, स्वयंपाकघराची एक, बेडरूमची एक. चार. पुन्हा मोजल्या. चार.

काकांचा चेहरा उतरला. "म्या नवी आणून देतो. दुकान उघडंच हाय."

"यादीतली पायजे," कुलथे म्हणाले. "एक नग कमी तर चावी न्हाई. कागदावर हाय. माझी नोकरी जाईल काका."

मी उसळलो. "एका ट्यूबलाइटसाठी माणसाचं घर अडवता? उद्याच छापतो!"

"छापा. पण चार दिवस तुमीच सांगायलात ना साहेब, जुळल्याशिवाय सही न्हाई म्हणून?"

माझीच शिस्त, माझ्याच अक्षरात. काकी रिकाम्या खोलीत मधोमध उभी होती. पूर्णेहून आणलेला लाकडी पाट तिच्या काखेत होता. उन्हात बसायला आणलेला. तो तिनं खाली ठेवला नव्हता.

दारात मन्सूरभाईंची चुळबूळ चालली होती. इमारतीचा पहिला खड्डा खणला तेव्हापासून ते इथं वॉचमन. शेवटी त्यांनी टोपी सारखी केली.

"साब, पाचवी हाय. जळती बी हाय. उसका बटन बाहर हाय, जिन्याजवळ."

"मग लावा की!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

मन्सूरभाई बाहेर गेले. खट्कन आवाज आला.

आणि संध्याकाळच्या पावणेसातला, बाहेर मिट्ट काळोख असताना, त्या केशरी पडद्यामागं सकाळ झाली!

तेच ऊन. तशीच उजळलेली खोली.

मन्सूरभाई परत दारात आले. "जुने साहेब म्हनायचे, मन्सूर, गिऱ्हाईक जिन्यात आलं की सूर्य लाव. मी लावायचो. नोकरी हाय साब." मग जरा अवघडून म्हणाले, "एकदा तर एक जण सांजच्याला सातला आले. हातात फाइल. त्यांनाबी लावला."

"आणि? त्यांना काही वाटलं नाही?"

"'झकास उजेड हाय' म्हनले. च्या घेतला आन गेले."

काकांनी पडद्याला हात घातला. आयुष्यभर रुळांचे सांधे बदललेला हात. खालची पट्टी खिळ्यांसकट निघाली. मागं एक लांब ट्यूबलाइट होती, आणि तिच्या मागं भिंत. नुसती भिंत. गुळगुळीत गिलाव्याची, पांढरी.

काकी पुढं गेली. भिंतीवर तळवा ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली. "गोदामाची भिंत इथंबी आली की!"

आधी ती हसली. मग काका हसले. मग कुलथे, ज्यांनी हसायला नको होतं, तेही हसले. मी मात्र बॅटरी घेऊन खाली पळालो. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उभा राहून वर झोत टाकला. पहिल्या मजल्याला खिडकी. तिसऱ्या मजल्याला खिडकी. मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या जागी, बिल्डरचा भलामोठा फ्लेक्स. त्यावर डोंगराआडून उगवणारा सूर्य, आणि खाली अक्षरं: "घराघरात सूर्योदय!" आतून पडदा, बाहेरून फ्लेक्स, मध्ये भिंत.

वर आलो तर कुलथे यादीवर सही करत होते. "पाच ट्यूबलाइट. नग जुळले," एवढंच म्हणाले आणि चावी काकांच्या हातावर ठेवली. मग त्याच पेनानं माझ्या वहीत स्वतःचा नंबर लिहिला. "खिडकीबद्दल कुणाला जबाब पायजे असला तर मी देतो. पडद्यामागं काय हाय, मला ठाऊक नव्हतं." त्या माणसाबद्दल मी चार दिवसांत पुष्कळ वाईट लिहिलं होतं. हेही लिहितो.

चावी हातात आल्यावर काकी पहिलं वाक्य काय बोलली असेल? "गवंडी कुटं मिळंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गवंडी आला. त्यानं गिलावा खरवडला आणि वरच्या अंगाला ठोकून बघितलं. "मावशी, लिंटेल हाय की हितं. खिडकीची जागा सोडलेली हाय. मागून कुणीतरी बुजवलीय." "जुन्या साहेबांनी, फ्लेक्सला सपाट भिंत पायजे म्हनून," मन्सूरभाई म्हणाले आणि खाली जाऊन त्यांनी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. वरून छिन्नी बसली. तिसरी वीट निघाली, आणि हातभर ऊन आत येऊन फरशीवर पडलं. राडारोडा तसाच होता, धूळ खाली बसली नव्हती. काकीनं त्या उन्हात पाट टाकला, पाय लांब केले आणि गवंड्याला म्हणाली, "तुमी चालू द्या. म्या बसते."

आता तिथं चौकट आहे, काच आहे. पडदाही आहे, तोच केशरी, पण सकाळी तो बाजूला सारलेला असतो. पाचव्या ट्यूबलाइटचं बटन मन्सूरभाईंनी स्वतःच काढून टाकलं.

मी इमारतीचे कागद काढले. नकाशात दुसऱ्या मजल्याच्या आतल्या बेडरूमला पूर्वेकडं एक खिडकी आहे. बांधून झाल्यावर पाहणीचा दाखला मिळतो, त्यातही ती आहे. तिच्यापुढं पाहणी करणाऱ्याच्या हातचा शेरा आहे: "उघडून पाहिली. उजेड झकास." पाहणीची वेळ: सायंकाळी सात. खाली सही आहे. ती कुणाची, हे मी बिल्डरला विचारलं, त्याच्या इंजिनिअरला विचारलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अजून कुणीही सांगितलेलं नाही.